एक नग, जुना

निवडणूक लागली की
माझी दुनळी पडावच्या ठाण्यात जमा.
मुन्शी पावतीवर लिहितो : एक नग, जुना.
जुना!
नसरू मिस्त्रीनं अक्रोडाचा दस्ता
तीन महिने जवसाच्या तेलात मुरवला,
ते कुठल्या रकान्यात?

वरातीत मी कधी बार काढला नाही.
लश्करात म्हणूनच फारशी आमंत्रणं येत नाहीत.
रविवारी रेंजवर मातीच्या पंचवीस तबकड्या;
बारा फुटतात.
घरी आधी तेरा सांगतो,
म्हणजे चुकलेल्या.

आता खुंटीवर
कुमुदनं दळणाची पिशवी अडकवली आहे.
संध्याकाळी सवयीनं चिंधी घेऊन बसतो,
चष्माच पुसतो.
कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत
अर्धा श्वास सोडतो, अर्धा धरून ठेवतो.

"अहो," कुमुद म्हणते, "गॅस."