पाव फेरा मागे

सतराच्या पान्यात मी
दोन फुटी पाइप अडकवायचो, जोर वाढावा म्हणून.
अकरा वर्षं, दर वेळी ऑइल बदललं की
थोडं अजून, थोडं अजून.
अंगणात काळा थेंब दिसू नये, एवढंच.
त्या रविवारी बोल्ट एकदम हलका झाला
आणि फिरतच राहिला,
दोर तुटला की रहाट फिरतो तसा.

दारव्हा रोडला, जिनिंगच्या भिंतीला लागून
शालिक मिस्त्रीचं टिनाचं छप्पर.
मे महिना. पाने ओल्या गोणपाटावर मांडलेले,
नाहीतर हाताला फोड.
तो खाली सरकला, चाचपलं,
बाहेर आला, बोटं पुसली,
मग म्हणाला,
"आटे मेले, डॉक्टर."

मी डॉक्टर नाही,
ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे.
पण 'मेलं' हे कसं सांगायचं ते मला ठाऊक आहे:
आधी हात पुसायचा.

बोल्टाच्या वेढ्यांत लोखंडाचा केस गुंडाळलेला,
चेंबरच्या नटाचा,
मीच ओरबाडून काढलेला.
"पुरा चेंबर बदलाचा का?"
"कायले? चौदाचा गेला, सोळाचा बसवू.
भोकाले थोडं मोठं व्हा लागते, बस."

फडक्यातून त्यानं टॅप काढला.
उजवा हात थरथरत होता.
त्याबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही.
"आम्रपाली!"

आयटीआय, फिटर, दुसरं वर्ष.
ओढणी कमरेला आवळून
फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ती आडवी झाली.
टॅपच्या दातांत ग्रीस भरलं,
कीस आत पडू नये, चिकटून बाहेर यावा.
अर्धा फेरा पुढे.
पाव फेरा मागे.
कट्.
अर्धा पुढे, पाव मागे.
बाहेर काढायचा, पुसायचा, पुन्हा ग्रीस.
मिस्त्री उकिडवा बसलेला,
गुडघ्यावर त्याचा हात
तिच्या मागोमाग फिरत होता.

लाडखेडला एकदा वासरू अडलं होतं.
गाय कळ देते तेव्हाच ओढायचं,
ती थांबली की आपण थांबायचं,
हे मीच शिकवतो लोकांना.
त्या रात्री दोर माझ्या हातात होता
आणि मी थांबलो नाही.
जाऊ द्या.

वरून पाव लिटर ऑइल ओतलं,
खाली घमेल्यात पडलं,
तिनं त्यात चुंबक फिरवला.
दोन कण. पुन्हा ओतलं. एकही नाही.
मग नवा बोल्ट, तांब्याचं वायसर,
आधी नुसत्या बोटांनी,
मग पाना, आखूड धरून, मनगटानं.
ती थांबली.

"अजून थोडा?" माझा हात पुढे गेलाच.
"नाही काका.
थेंब वायसर थांबवते.
जोर नाही थांबवत."
बाप हसला. विडी पेटवायला वळला,
ऑइलपासून दूर, लिंबाखाली.

साडेतीनशे झाले.
जुना बोल्ट कागदात बांधून दिला,
कशाला ते विचारलं नाही.

रात्री गाडीखाली पेपर पसरला.
सकाळी कोरडा. फक्त मांजरीची पावलं,
धुळीची, बातम्यांवरून चालत गेलेली.

अंगणातला नळ तेवढा गळतो.
पाइप तिथंच भिंतीला टेकवून ठेवला आहे.
त्या नळाला मी अजून हात लावलेला नाही.