आवृत्ती शून्य पॉइंट सात

शीतल मगदूमने पेनड्राइव्ह दिला तो
हळदीच्या नमुन्यासारखा कागदी पुडीत बांधून.
"खेळ आणि खरं सांग," म्हणाला,
"खोटं बोलणारे घरात चार आहेत."

मार्केट यार्डात आम्ही समोरासमोर बसतो,
तो पट्ट्या टाइप करतो, मी उचल लिहिते.
तीन वर्षं रात्री जागून उभं केलेलं त्याचं राज्य
माझ्या पुतण्याच्या लॅपटॉपवर उघडायला
अकरा मिनिटं लागली.

तर खरं:

नायकाचे पाय जमिनीला टेकत नाहीत,
दोन बोटं वर चालतो,
नुकताच सायकलवरून उतरल्यासारखा.
कोतवालाला काहीही विचारा, म्हणतो
"उत्तरेकडं धुकं आहे."
त्याच्या मुलीचं लग्न लागलं तरी हेच.
वेलांटी उडी मारून पुढच्या अक्षरावर बसते,
त्यामुळं किल्ला वाचता येत नाही, नुसता दिसतो.
तलवार मिळते दुसऱ्या गावी,
ती उपसायचं बटण चौथ्या.
संगीत म्हणजे आतेभावाची बाजाची पेटी
आणि मध्येच कुकरची शिट्टी.
कापायची राहिली असेल म्हटलं,
पण ड्रॅगनच्या गुहेतही तीच, त्याच सुराला.

राक्षस मारला तर मरत नाही.
दमतो. कडेला बसून पंच्यानं मान पुसतो.
मी लिहिलं, चूक क्रमांक नऊ.
दुसऱ्या दिवशी वही परत आली,
नऊच्या पुढं पेन्सिलीनं:
"चूक नाही. आमच्यात मारत नाहीत."
चौदाच्या पुढंही तसंच. चौदा असं होतं की
दिवस मावळला की पिशवी उघडत नाही,
आत भडंग असून जखमी नायक उपाशी,
उजाडेपर्यंत पिंपळाखाली थांबायचं,
खरोखरीची सहा मिनिटं.
मी तेवढ्यात कणीक मळून घेतली.

एकविसावी चूक नदीची.
नायक सरळ पाण्यावरून चालत जातो.
मग पूल बांधायची अख्खी मोहीम फुकट:
तो सुतार, ते दोर, तो रुसलेला नावाडी
ज्याची समजूत घालण्यात माझा रविवार गेला.
कुणीही उठून पलीकडं जाणार असेल
तर खेळ कसला,
असं ठासून लिहिलं, खाली रेघ मारली.

एकवीसपुढं पेन्सिलीचं काही नव्हतं.
विचारलं तेव्हा वजनकाट्याकडं बघत म्हणाला,
"ती खरीच चूक होती. पहिल्या वर्षाची.
दुरुस्त पण केलेली. दोन ओळींचं काम."
पोत्यांचा आकडा टाइप केला, खोडला,
परत तोच टाइप केला.
"मग पूर आला. सांगलवाडीत पत्र्यावर
दोन रात्री होतो आम्ही, म्हातारीला धरून.
समोर आयर्विन दिसत होता.
उतरल्यावर त्या दोन ओळी काढून टाकल्या."

तेवढ्यात तासगावची गाडी लागली
आणि आम्ही दोघंही उठलो.

मी एकवीस खोडलं नाही.
दर्जा विचारला तर दहापैकी चार,
त्यातला एक राक्षसाच्या पंचाला.
त्याच्या तोंडावर सांगितलं, त्यानं मान हलवली,
चार म्हणजे बरंच, अशा बेतानं.

पण काल रात्री पुन्हा उघडला,
नायकाला नदीच्या मधोमध नेऊन उभा केला
आणि चहा ठेवायला गेले.
परत येऊन बघते तर
जमिनीवर अधांतरी चालणारे त्याचे पाय
पाण्यावर मात्र नीट टेकलेत.
ही चूक की काय, मी विचारलेलं नाही.
वहीत बावीस आकडा घातला
आणि पुढची जागा मोकळी सोडली.

शून्य पॉइंट आठमध्ये किल्ला वाचता येईल म्हणतोय.
कोतवालाचं काही बोलला नाही.