नात्याचा रकाना

सव्वीस वर्षं मी होळकर कॉलेजच्या फळ्यावर लिहिलं:
सख्खा भाऊ, एक द्वितीयांश.
भाचा, पुतण्या, एक चतुर्थांश.
चुलत, आते, मामे, एक अष्टमांश.
मग खडू झटकत विचारायचे,
पोळ्यासाठी डंख मारून मधमाशी मरते ती का?
मागच्या बाकावरून हमखास यायचं, "संस्कार, मॅडम!"
वर्ग हसायचा. मीही.

मग माझी दोन्ही मूत्रपिंडं थकली.

शिरीषची सहापैकी तीन चिन्हं जुळली,
अगदी फळ्यावर होतं तसं, निम्मी.
ग्वाल्हेरहून फोन आला: बघतो.
दिवाळी झाली की बघतो.
मी त्याला दोष देत नाही,
हे वाक्य इतक्यांदा म्हटलंय
की आता खरंच देत नसेन.

मंदाकिनीची सहापैकी शून्य.
मंदाकिनी माझी जाऊ.
राजेंद्रनगरच्या एका ओट्यावर बावीस वर्षं
आम्ही विरजणावरून भांडलो, कुकरच्या रिंगवरून भांडलो,
आणि पोह्यांत साखर घालावी की नाही यावरून एकदा
सलग अकरा दिवस अबोला धरला.

कमिटीच्या साहेबांपुढे कॅमेरा चालू होता.
ये आपकी कौन लगती हैं?
फॉर्मवर आई, बाप, भाऊ, बहीण, नवरा, मुलं,
आणि तळाशी बारीक अक्षरात इतर.
ती म्हणाली, "जाऊ."
साहेबांना वाटलं, निघायची परवानगी मागतेय.
"अरे, बैठिए, बैठिए."
मी सांगितलं, जेठानी.
त्यांच्याकडे थोरली वेगळी, धाकटी वेगळी.
आमच्याकडे ती माझी जाऊ, मी तिची जाऊ.
पैसा मिला? घरवालों का दबाव?
मग क्यों दे रही हैं?
"ये गई तो मैं झगड़ूँगी किससे?"
क्लार्क थोडा थांबला.
रकान्यात त्यानं लिहिलं: स्नेहवश.

वॉर्डात देणाऱ्या बहुतेक बायका होत्या.
आया, बायका, एक मोठी बहीण.
घेणारे बहुतेक पुरुष.
हे कुठल्या गुणसूत्रावर असतं,
हा प्रश्न मी पेपरात कधी घातला नव्हता.

सकाळी आठ, रात्री आठ, गोळी.
देहाची समजूत काढायची: बाबा रे, ही घरचीच.
देहाला पटत नाही.
तो फक्त गप्प बसतो, गोळीपुरता.

हिशेब मीही मांडून पाहिला.
तिचा ओंकार, माझी ऋजुता, एक अष्टमांश.
मी जगले तर ऋजुता तरेल,
म्हणजे मंदाकिनीच्या मुलाचाच थोडासा अंश तरेल.
जुळतो हिशेब.
रात्री तीनला तर मला तो पटतोही.
सकाळी ती जिना चढते,
एक हात कुशीवर, जिथे आता काही नाही,
आणि दूधवाल्यासमोर खणखणीत विचारते,
"आज लघवी किती झाली?"
जसं सासरी दिलेल्या लेकीचं विचारावं तसं.
मी का गं, कशासाठी गं, सुरू केलं
की म्हणते, जाऊ दे.

काल तिनं पोहे केले.
जिरावण मला बंद, शेव बंद.
डब्यातून चिमूटभर साखर उचलली,
माझ्याकडे बघत
सावकाश घातली.

मी तोंड उघडलं.
ती पदर खोचून तयारच होती.