सव्वातीनला जरा कमी

भोकाचा व्यास सव्वातीन इंचाला जरा कमी.
उंचीच्या तबकडीला तेच, वेगाच्या तबकडीला तेच.
नन्नू मिस्त्री सांगायचे, पुरीएवढं धर,
पण फुगलेल्या नव्हे, बसलेल्या.

बिजासन टेकडीच्या अंगाला, जुन्या हँगरात
मी तिच्या विमानाचा फलक उतरवला.
दोन आसनं, कापडी अंग, वय माझ्याहून चार वर्षं जास्त.
चौदा स्क्रू. दोन गंजून एकजीव झालेले,
एक तर लाकडाचा, कुणी आणि का मारला कोण जाणे.

फलकामागे मेणदोऱ्याने गुंफलेल्या तारांची वेणी,
तिच्यावर कुणीतरी नंतर केलेली चिकटपट्टीची घाई.
एक हेअरपिन.
कुंभारमाशीचं वाळलेलं घर, तीन खोल्यांचं.
आणि उजवीकडे खाली, एका रिकाम्या भोकावर
जर्मनच्या ताटलीतून कापलेली चकती.
समोरून काळा रंग. मागून कोरलेलं:
‘कै. द्वारकाबाई यांच्या स्मर’
आणि पुढे कात्री.

म्हणजे इतकी वर्षं ही बाई
इंदूरवरून उज्जैनला, उज्जैनवरून परत,
पाठ आमच्याकडे करून.

झोकरकर बाई दातांच्या डॉक्टर.
म्हणाल्या, दोन मोठे स्क्रीन बसवा,
सगळं एका नजरेत आलं पाहिजे.
मी मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले,
गोल, चौकोनी, टाचण्यांनी टोचले,
चार दिवस जागा बदलत राहिलो.
प्रत्येक वेळी सुंदर दिसायचं
आणि प्रत्येक वेळी काहीतरी
काठीच्या मुठीआड जायचं.

शेवटी त्यांना डाव्या आसनावर बसवलं.
म्हटलं, डोळे मिटा. उंची दाखवा.
बोट गेलं. जराही न चाचपता,
जसं त्यांचं चिमट्यावर जात असेल
नजर रुग्णाच्या दाढेवर असताना.
वेग. तेलाचा दाब. नळीतली गोळी.
मी प्रत्येक बोटाखाली पेन्सिलने फुली मारत गेलो.
घड्याळ, मी सहज म्हटलं.
बोट द्वारकाबाईंवर टेकलं.

इथे घड्याळ होतं?
होतं. चालायचं नाही.
शिकत होते तेव्हापासून बंदच, सव्वाअकरावर.
पण मी बघायचे त्याच्याकडे.
एवढंच बोलल्या. डोळे मिटलेलेच.

एकच स्क्रीन घेतला, तोही लहान.
वेग, उंची आणि गोळी गोलच राहिले, फुल्यांवर.
जुनं साडेचार किलो उतरलं, नवं पावणेदोन चढलं;
तोल पुन्हा मांडला, कागद पुन्हा भरले.
चकतीच्या रकान्यात लिहिलं:
रिकामी जागा, झाकण लावलेले.
खोटं नाही. पुरेसंही नाही.

मग होकायंत्र.
फलकात एक तार हलली तरी ते मनाला लावून घेतं.
पहाटे, वारा उठायच्या आत,
शेपटी खांद्यावर घेऊन आम्ही विमान फिरवलं,
तीस तीस अंशांनी, बारा वेळा थांबत.
उत्तरेला अचूक. तीसला अठ्ठावीस.
दोनशे चाळीसला सहाचा फरक.
पितळी पेचकसाने केसभर वळवलं, चारवर आणलं.
त्याखाली येईना.

छोट्या पत्रकावर आकडे लिहून
होकायंत्राखाली लावायचे असतात:
अमुक दिशेला जायचं असेल, तर तमुक धरा.
बाईंनी चष्मा काढला, पुसला, वाचलं.
म्हणजे ही चूक राहणार?
राहणार, म्हटलं, पण किती आहे ते लिहिलंय.
चारच ना, म्हणाल्या,
आणि दोनशे चाळीसवर अंगठा ठेवला.

शाई ओली होती.
पत्रक मला पुन्हा लिहावं लागलं.