सतरावं ताट

शिरोलीत रात्रपाळी सकाळी सुटते.
तेव्हाच गाठ, सरांनी सांगितलं होतं,
दमलेला माणूस उत्तरं लवकर देतो.
पद्धतीशास्त्राच्या पुस्तकात हे वाक्य नाही.

मी गेले. पिशवीत वीस प्रश्नावल्या,
वीस संमतीपत्रं, अंगठ्यासाठी शाईचं पॅड.
फौंड्रीच्या मागं मालन चौगुलेंची चाळ:
चार खोल्या, एक नळ,
नळाखालून वाहणारं काळं पाणी.
अंगावरची वाळू निघते, नखांतली नाही.

कायदा म्हणतो, पाच.
ठेकेदाराकडं परराज्यातले पाच असले
की परवाना लागतो, हजेरीपट लागतो,
गावी जायचं भाडं द्यावं लागतं.
चौघांना कायदा ओळखत नाही.
म्हणून साळोख्यांकडं चारच आहेत.
त्यांच्या बायकोकडं चार.
मेहुण्याकडं चार, तो गडहिंग्लजला मोबाईल दुरुस्त करतो.
आणि आईकडं चार.
आई तीन वर्षांपूर्वी वारल्या,
त्यांचा अंगठा अजून दर महिन्याला उठतो.

चार चोक सोळा.
सोळा फॉर्म भरले.
प्रश्न सातवा: गाव का सोडलं? योग्य पर्यायापुढं खूण करा.
लालमोहन महतोनं सगळे पर्याय शांतपणे ऐकले,
मग म्हणाला, गाव कुठं सोडलंय, दीदी,
इथं नुसता झोपायला येतो.
ते मी 'इतर'मध्ये टाकलं.
'इतर'चा कोड नऊ.

आई मास्तरीण होती, शिरगणतीला जायची.
डोकी विचारू नयेत, म्हणायची,
ताटं मोजावीत.
निघताना नळाशी पालथी घातलेली ताटं मोजली.

सतरा.

सोळा पातळ, एका दुकानातली.
सतरावं जड, काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं:
चि. सौ. कां. मालन हिस आत्याकडून, मु. कुरणवाडी.

मालनबाई चादर पिळत होत्या.
"पावणा हाय एक."
कधीपासून?
"झालं की दीड वरीस."
आणि कुरणवाडी कुठं आली?
"धरणात," त्या म्हणाल्या,
आणि चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

पाहुणा दाराआड उभा होता.
डावा हात ओल्या फडक्यात.
अठरा, म्हणाला,
मी अजून काही विचारलंच नव्हतं.
मी समजावलं: नाव बदलू, कुणाला कळणार नाही,
मधेच थांबायचा हक्क तुला आहे.
संमतीपत्र वाचून दाखवलं, हिंदीत, दोनदा.
त्यानं शाईच्या पॅडकडं पाहिलं
आणि उजवा हात, चांगला हात,
पाठीमागं नेला.

संमती नाही तर नमुन्यात नाही, सर म्हणाले.
बरोबरच होतं त्यांचं.
लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी तो खोलीत नसता.
लिहिलं नाही, तर तो कधी नव्हताच.

तक्ता तीन पॉइंट दोन. एकूण: १६.
खाली बारीक अक्षरांत मी टीप दिली होती:
क्षेत्रभेटीत भांड्यांची संख्या एकानं जास्त आढळली.
सरांनी पेन्सिलनं गोल केला.
भांडी काढा.
काढली.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणाले,
आकडे फार स्वच्छ आहेत तुमचे.

हे सगळंही मी त्याला न विचारता लिहितेय.
नाव घातलं नाही, जिल्हा घातला नाही,
आणि हाताबद्दल थोडं बदललंय.
याला काय म्हणतात ते मला माहीत आहे,
त्यावर एक अख्खं प्रकरण शिकवतात आम्हाला.

त्या दिवशी मालनबाईंनी फुलपात्रात चहा दिला.
त्याच्याही काठावर तीच आत्या, तेच पाण्याखालचं गाव.
बोटं पोळत होती, फुंकून फुंकून प्यायले.
मग विसळून नळाशी पालथं घातलं,
ताटांच्या शेजारी.
माझ्यामागून कुणी मोजायला आलं
तर त्याचाही हिशेब एकानं चुकू दे.