चार हजारावरची घळ

दापोलीच्या दवाखान्यातल्या मुलीने
बाबांच्या हाती कागद दिला.
वर आडवे आकडे, खाली उतरत गेलेल्या दोन रेघा,
डाव्या कानाची निळी, उजव्याची लाल.
ती सांगत होती, मी तेच मोठ्याने सांगत होते
आणि बाबा कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले,
"ही तर किल्ल्याच्या बाहेरची खोली."
बोट ठेवून दाखवलं :
इथवर सपाट, चिखलाचा तळ,
मग उतार,
आणि इथे एकदम घळ.
"इथे जाळं टाकू नये. फाटतं."

ती म्हणाली, हे चार हजार हर्ट्झ.
इथे स असतो, श असतो, फ, थ,
पाखरं, किणकिण, कुजबुज.
किती वर्षं इंजिनाजवळ?
हा प्रश्न मात्र त्यांना नीट ऐकू गेला.
एकतीस.

सहा सिलिंडर. सायलेन्सर गंजला तो काढून टाकला,
नवा पुढच्या हंगामात घेऊ म्हणता म्हणता राहिला.
त्याच्या डोक्यावरच्या फळीवर बाबा झोपायचे,
इंजिन बंद पडलं तरच जाग यायची.
कानात बोळे घालणाऱ्या खलाशाला सगळे हसत,
आणि तांडेलाने तर घालायचेच नाहीत :
कुठला व्हॉल्व्ह खोकतोय, पाणी कुठे कमी पडतंय
हे त्याला कानानेच कळायला हवं.
तीस मैल आत, वाऱ्यात, नऊ माणसं बोटीवर.
म्हणजे ऐकता ऐकताच गेलं सगळं.

घरात आम्हाला उशिरा कळलं.
टीव्हीचा आवाज वाढत गेला, आई चिडत गेली,
"ऐकू येतं गो मला, कळत नाही," ते म्हणत,
आणि आम्हाला वाटायचं, सोंग.
मग एका संध्याकाळी हर्णैच्या पुळणीवर
लिलावात मुरादभाई पावसकरने साठ म्हटलं
आणि बाबांनी ऐकलं आठ.
आठ हजार! एवढ्या घोळीला!
वीस वर्षांच्या दोस्ताची गचांडी धरली त्यांनी,
टोपल्या उलटल्या, माणसं मध्ये पडली.
एक स. एवढासा. दातांमधून निसटणारा वारा.
मुरादभाई अजून बाबांशी बोटांनीच बोलतो,
बोटं पण जरा लांबून.

यंत्र घेतलं. डोलीच्या जाळ्याएवढी किंमत.
त्यात भांडी वाजायची, कावळे वाजायचे,
स्वतःचं जेवण चावलेलं वाजायचं,
आणि त्या सगळ्याच्या मागे कानात वस्तीला आलेला
रातकिडा होताच, जो दिवसाही थांबत नाही.
खाऱ्या हवेने बॅटरीला हिरवट चढलं.
आता ते डबीत असतं, जाळं विणायच्या सुईशेजारी.

गेल्या आश्विनात म्हणाले, चल.
लहान होडी, इंजिन नाही.
किल्ला मागे टाकल्यावर वल्हं पाण्यात उभं सोडलं,
मूठ माझ्याकडे केली : "कान लाव."
लाकूड ओलं, गार. मी कान लावला.
माझंच रक्त. होडीखाली चुळुक पाणी.
"काही नाही," मी मान हलवली.
मग त्यांनी लावला.
डोळे मिटले. बराच वेळ
चेहऱ्यावर ते आलं, जे जेवताना, लग्नात, फोनवर
कित्येक वर्षांत आलं नव्हतं.

"घोळ घोरतेय," म्हणाले,
"दहा-बारा आहेत. खाली, त्या अंगाला."
ढर्र... ढर्र... त्यांनी घशातून काढून दाखवलं,
जाड, खोल, तळाचा आवाज.
घळीच्या अलीकडचा, सपाट चिखलातला,
जिथे त्यांची रेघ अजून वरच आहे.

जाळं आणलंच नव्हतं.
मी पुन्हा कान लावला, श्वास धरला.
ते हळूच काहीतरी बोलले, पाण्याकडे बघत.
"काय?" मी विचारलं.

बाबा माझ्याकडे वळले,
आणि मी त्यांना जसं सांगते ना,
तोंड मोठं करून, एकेक शब्द सुटा करून,
थोडं ओरडूनच,
तसं त्यांनी मला सांगितलं.