नियम सातवा

नखं दाखव. दुसरा हात.
कानातलं काढून आईकडे दे.
बूट बघू. तळ गुळगुळीत झालाय, सांभाळून.
हा नियम दोन.
तो मला पाठ करावा लागला नाही.
चौतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात
सुटताना गेटवर माझेच खिसे उलटे व्हायचे;
झडतीची भाषा अंगात मुरलीय.
आता निवृत्त. शनिवारी सकाळी
जेलरोडहून स्कूटर काढतो,
उपनगरच्या शाळेत पोरी पोत्यानं
सिमेंटवरचं दव पुसत असतात,
मी टेबल मांडतो. घड्याळ, गुणपत्रक, दोन पेनं.
चौदा वर्षांखालील मुलींची लीग.

नियम बहुतेक साधे.
आठ-आठ मिनिटांचे चार क्वार्टर.
पाच फाउल झाले की बाहेर, रडू आलं तरी बाहेर.
पंचांशी बोलायचं ते कॅप्टननं,
तेही 'पण सर'नं सुरुवात न करता.
पालक रेषेच्या मागे. हे लाल शाईत,
कारण एका वडिलांनी थर्मासचं झाकण फेकलं होतं.
आणि एक नियम फक्त आमचा, कुठल्या पुस्तकात नाही:
देवळालीला तोफांचा सराव चालू असेल
आणि बोर्डाचे नटबोल्ट किणकिणले,
तरी त्या आवाजाला शिट्टी समजू नये.

सातवा मात्र मी लिहिला.

गेल्या मोसमाचे कागद लावत होतो.
गुणपत्रकावर नावापुढे एक बारीक चौकोन असतो,
मुलगी मैदानात उतरली की त्यात फुली मारायची.
नंबर पंधरा, तेजल मोजाड, भगूर.
नऊ सामने. नऊ कोरे चौकोन.
छापखान्यात एक नोट कमी भरली
तर अख्खी पाळी घरी जात नसे.
इथं नऊ वेळा एक पोरगी कमी भरली
आणि खाली सही माझी.

मग आठवली. बाकाच्या टोकाला,
नाडीला दुहेरी गाठ,
टाइमआउटला बाटल्या वाटणारी,
सरांनी हाक मारली तर वेळ जायला नको म्हणून
थंडीतही जर्किनची चेन उघडी ठेवून बसलेली.

सभा प्रयोगशाळेत झाली, सांगाड्यासमोर.
मी म्हणालो, प्रत्येकीला निदान एक पूर्ण क्वार्टर.
सानप सर म्हणाले, काका, ही लीग आहे, हळदीकुंकू नाही
आली तिला वाण द्यायला.
सगळे हसले. मीही. विनोद चांगला होता.
मग नऊ कागद
ओट्यावर शेजारी शेजारी मांडले
आणि गप्प बसलो.
सानप सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
पाच विरुद्ध चार. मंजूर.
पाचवा हात त्यांचा नव्हता,
उगाच गोड करून सांगणार नाही.

यंदा सगळ्या उतरतात.
पास चुकतो, बॉल गटाराच्या जाळीपर्यंत जातो,
परवा एकीनं आपल्याच बास्केटमध्ये टाकला
आणि दोन्ही हात वर करून नाचली.
दोन गुण समोरच्या कॅप्टनच्या नावावर.
तेही नियमात आहे.

आणि तेजल?
नियम एक, जन्मदाखला.
ठरलेल्या तारखेच्या अकरा दिवस आधी जन्मली.
सातव्यापर्यंत पोचायला
पहिल्यातून जावं लागतं.
दाखला मीच परत केला, घडी होती तशी घालून.

पुढच्या शनिवारी तरी आली.
तेच बूट, तीच गाठ.
शेजारची खुर्ची ओढली.
"काका, फुल्या मी मारू?"
पेन दिलं.

तिसऱ्या क्वार्टरला धाडकन आवाज झाला.
बोर्ड किणकिणला,
दहाच्या दहा पोरी जागच्या जागी थिजल्या,
पंचांचाही हात अर्धा वर.
ती कागदावरून मान न उचलता म्हणाली,
"खेळा गं. आमच्याकडची आहे."